तीस नाण्यांची दीक्षा

संगणकावरील खेळांची चर्चा या मासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या कृतींत मनुष्य एका कल्पित देशांत महिनेच्या महिने वावरतो, गुरु करतो, विद्या शिकतो आणि पदवी मिळवितो, ती कृति कादंबरीइतकीच टीकेस पात्र आहे. अमेरिकेंतील बेथेस्डा या संस्थेची 'एल्डर स्क्रोल्स' ही मालिका अशीच आहे. तिच्यांतील 'मॉरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) व 'स्कायरिम' (२०११) हे भाग आम्हीं ओळीनें पाहिले. मांत्रिकांच्या 'गिल्ड'चें रूप त्यांत कसें पालटत गेलें, हा आमचा विषय. (नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत विणकरांच्या संघास 'श्रेणी' म्हटलें आहे, तोच शब्द आम्ही येथें योजितों.)

'मॉरोविंड'मध्यें श्रेणींत शिरणें सोपें, चढणें कठीण. बालमोरा गांवच्या शाखेंत अजिरा नांवाची एक मार्जारवंशी स्त्री नवख्यास पहिलें काम सांगते, तें चार जातींच्या अळंब्या वेंचून आणण्याचें. पुढें फुलेंही. काम क्षुद्र खरें. पण वनस्पतींची ओळख, म्हणजे औषधिविद्येचा आरंभ, तेथेंच नकळत होतो. सभासदास शाखेंत अंथरूण मिळतें, सामानाच्या पेटींतून वस्तु घेतां येतात, द्रव्य दिल्यास शिक्षक शिकवितात. मात्र वरची पायरी मागितली कीं अधिकारी केवळ कामांचा हिशेब विचारून थांबत नाहीं. 'विझार्ड' या आठव्या पायरीस श्रेणीच्या सहा विद्यांपैकीं एकींत ७० व आणखी दोहोंत २५ गुण लागतात. विद्या वाढते ती वापरानें. यांतही घोकंपट्टी शिरतेच: कोणी एकच हलका मंत्र भिंतीकडे तोंड करून शेंकडों वेळां म्हणतो, कोणी शिक्षकाच्या हातावर नाणीं ठेवून गुण विकत घेतो. उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आम्हांस हे दोन्ही वर्ग चांगले परिचित आहेत.

'ऑब्लिव्हियन'मध्यें सात शहरांतील शाखांच्या शिफारशी मिळाल्यावांचून राजधानींतील विद्यापीठाचें दार उघडत नाहीं. आंत गेल्यावर स्वतः मंत्र रचतां येतात. हा लाभ मोलाचा. पण बढतीच्या वेळीं विद्या कितपत आली, हें विचारणें तेथेंच बंद झालें.

'स्कायरिम'मधील विंटरहोल्डच्या महाविद्यालयाची द्वाररक्षिका फाराल्डा एक मंत्र म्हणून दाखवावयास सांगते. येत नसल्यास तीच तो ३० नाण्यांस विकते! आंत टोल्फदीर हा वृद्ध आचार्य रक्षणाचा एक मंत्र करवून घेतो. पुढील वाट बहुतेक तलवारीनें काटतां येते. आणि कथेच्या अखेरीस त्याच गृहस्थास प्रमुखाचें पद, वस्त्र व निवासस्थान प्राप्त होतें.

नव्या पद्धतीचे कैवारी म्हणतात कीं, खेळणारानें पैसे मोजले आहेत; गुणांच्या आंकड्यासाठीं त्यास कथेच्या मध्यावर अडवून ठेवणें हा जाच आहे. यांत तथ्य आहे, आम्हीही कंटाळलों होतों. परंतु कथा शेवटास नेणें आणि पद देणें या दोन गोष्टी निराळ्या ठेवतां आल्या असत्या. संकट निवारणाराचे आभार मानावे. त्यास आचार्यांच्या डोक्यावर कां बसवावें?

अयोग्य प्रमुख 'मॉरोविंड'मध्येंही आहे. ट्रेबोनियस हा तेथील मुख्य मांत्रिक नवख्यास बोलावून सांगतो कीं, ड्वेमर ही जमात नाहींशी कशी झाली तें शोधून आण; जणूं बाजारांतून भाजीच आणावयाची आहे! पण त्याचे सहकारी त्यास नांवें ठेवतात, आणि हा मनुष्य आपल्या जागेस लायक नाहीं, हें लेखकांस पक्कें ठाऊक आहे. 'स्कायरिम'मध्यें दोन मंत्रांचा धनी प्रमुख होतो आणि कोणीही हंसत नाहीं. तो नव्या दालनांत जातो, वस्त्र चढवितो, आणि फडताळांतील एकही ग्रंथ न उघडतां तलवार घेऊन पुन्हा बाहेर पडतो.