तेमारीतील सागरी आशय : अलंकरण आणि रचना

जपानमधील तेमारी हा दोऱ्याचा चेंडू मूलतः मुलांचे खेळणे होता. जुन्या किमोनोच्या चिंध्यांचा गोळा, त्यावर दोऱ्याचे वेढे आणि वर रंगीत धाग्यांची नक्षी, असे त्याचे स्वरूप आहे. नक्षीपूर्वी कागदी पट्टीने मोजून चेंडूवर दोन ध्रुव व विषुववृत्त निश्चित केले जातात. सागरी विषयाच्या तेमारीचे मूल्यमापन याच टप्प्यापासून करावे लागते. ध्रुवाभोवती गुंफलेली होकायंत्राची अष्टदिशादर्शक चांदणी गोलाच्या विभागणीतूनच उमलते. नांगराचे वा गलबताचे चित्र मात्र सपाट कापडावरही तितकेच शोभले असते. पहिल्या प्रकारात समुद्र रचनेचा भाग होतो, दुसऱ्यात तो केवळ अलंकार उरतो.

हा निकष विदर्भाला अपरिचित नाही. नागपूर-भंडारा परिसरातील कोसा रेशमाच्या करवतकाठी साडीत काठाचा व अंगाचा बाणा परस्परांत अडकवला जातो आणि त्या विणीतूनच करवतीचे दाते घडतात. ते वरून भरलेले नसतात. त्यामुळे समुद्रापासून दूर, कन्हानकाठच्या मौद्यासारख्या गावी तेमारी शिकविताना तयार चित्रांच्या नकलेपेक्षा गोलाच्या विभागणीस अग्रक्रम देणेच कलादृष्ट्या उचित ठरेल.