‘कनिंग’ : अर्थापकर्षाची एक शंकास्पद कहाणी

अर्थापकर्षाचे उदाहरण म्हणून ‘कनिंग’ हा इंग्रजी शब्द नेहमी दिला जातो. ‘जाणणे’ या अर्थाच्या जुन्या धातूपासून तो आला. ‘कॅन’ हे क्रियापद त्याचेच भावंड. विद्या आणि हस्तकौशल्य हे त्याचे आधीचे अर्थ. पुढे तो ‘धूर्त’, ‘कावेबाज’ येथवर घसरला. ही हकीकत खोटी नव्हे. परंतु तिला केवळ घसरण म्हटले की शब्दामागचा समाज दिसेनासा होतो.

शेक्सपिअरमध्ये दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. नाट्यप्रयोगाच्या ज्या प्रभावाने राजाचा अपराध उघडा पडेल अशी हॅम्लेटला आशा आहे, त्याला हाच शब्द. आणि ऑथेल्लो डेस्डेमोनाला वेश्या म्हणतो तेव्हा जोडलेले विशेषणही हेच. तेव्हा प्रश्न निव्वळ कालक्रमाचा नाही. ज्ञान कोणाच्या हाती आहे, याचा आहे. हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्या, दुखण्यावर उतारा सांगणाऱ्या खेड्यांतील स्त्रीपुरुषांना इंग्लंडात ‘कनिंग’ म्हणत, आणि धर्मसत्तेला ते संशयास्पद वाटत. बेकनने १६१२ मध्ये या गुणावर निबंध लिहून त्याला शहाणपणापासून वेगळे काढले. (त्यातील दरबारी क्लृप्त्यांचे तपशील मात्र जाणकाराचे आहेत!) अधिकृत ज्ञान ते शहाणपण, अनधिकृत ते ‘कनिंग’, अशी ही वाटणी दिसते.

म्हणूनच जॉइसचा प्रयोग महत्त्वाचा. १९१६ च्या कादंबरीत स्टीफन डेडॅलस स्वसंरक्षणार्थ जी तीन शस्त्रे निवडतो, त्यांत मौन आणि देशत्याग यांच्याबरोबर ‘कनिंग’ आहे. त्याचे आडनाव ग्रीक पुराणातील महाकारागिराचे. शिवाय देशत्याग आणि हा शब्द यांची सांगड जुनी आहे : बाबेलच्या बंदिवासातील १३७ व्या स्तोत्रात, यरुशलेमला विसरल्यास उजव्या हाताने जे विसरावे, ते १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘कनिंग’ आहे. मूळ हिब्रूत तेथे असे पद नाही. ते इंग्रजीने पुरवले.

मराठी अनुवादकाची अडचण येथे सुरू होते. ‘धूर्तपणा’ लिहिल्यास स्टीफन लबाड ठरतो, ‘कौशल्य’ लिहिल्यास निरुपद्रवी. ‘कावा’ या शब्दात दुर्बळाचे युद्ध आहे, पण कारागिराचा हात नाही. मला ‘कसब’ जवळचा वाटतो. त्यात हाताचे कौशल्य तर आहेच. शिवाय ‘कसबी’ म्हणजे निष्णात आणि ‘कसबीण’ म्हणजे वेश्या, हा भेद करताना मराठीनेही ऑथेल्लोचाच न्याय लावला आहे.