प्रवाहरेखित बाष्पयंत्रांची कला : आवरण आणि अंतरंग

आगगाडीच्या इंजिनाला रूप असते आणि ते रूप शिल्प किंवा वास्तूप्रमाणेच गुणदोषविवेचनास पात्र असते, ही गोष्ट आपल्याकडील कलासमीक्षेने अद्याप मनावर घेतलेली नाही. चित्र, शिल्प, नाट्य यांची दफ्तरे आपण परिश्रमाने राखली. परंतु विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात यंत्राला आकार देण्याची जी स्वतंत्र कला पाश्चात्त्य देशांत उदयास आली, आणि जिचा एक प्रौढ आविष्कार नागपूरच्या धंतोली भागाच्या पूर्वेला लागून अजनीकडे गेलेल्या रुळांवरून कित्येक वर्षे धावत होता, तिची दखल मराठीत अपवादानेच घेतली गेली.

या कलेचे मूळ एका साध्या भौतिक नियमात आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी चाळीस मैलांपर्यंत जो विरोध दुर्लक्षिता येतो, तो ऐंशी मैलांवर बाष्पकाची मोठी शक्ती गिळून टाकतो. म्हणून इंजिनाचे धुराडे, घुमट, नळ्या व पायऱ्या एका अखंड पत्र्याखाली झाकण्याची कल्पना निघाली. जर्मनीच्या ०५ ००२ या इंजिनाने मे १९३६ मध्ये ताशी दोनशे किलोमीटरांची मर्यादा ओलांडली, ३ जुलै १९३८ रोजी ब्रिटिश अभियंता ग्रेस्ली याच्या ‘मॅलार्ड’ने ताशी १२६ मैलांचा विक्रम केला, त्याच वर्षी अमेरिकेत हेन्री ड्रेफस याने न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या इंजिनांना शिरस्त्राणासारखा दर्शनी भाग दिला. ग्रेस्लीच्या पाचरीसारख्या नाकाने धूर वर उचलून चालकाची दृष्टी मोकळी ठेवली. आकाराने काम करावे ही अपेक्षा तेथे पूर्ण झाली. इतरत्र मात्र पुष्कळदा आकाराने जाहिरातच केली.

हॉलंडचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तेथील ३७०० वर्गाची चार सिलिंडरांची इंजिने १९१० पासूनची, मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यात प्रथम घडलेली आणि पुढे सव्वाशेच्या जवळ पोचलेली; प्रमाणबद्ध, कष्टाळू आणि त्या सपाट मुलुखाला सर्वस्वी अनुरूप. १९३४ मध्ये डच रेल्वेने तीन डब्यांच्या प्रवाहरेखित डिझेल गाड्या सुरू केल्या, विद्युतीकरणही झपाट्याने वाढू लागले, आणि या नव्या गाड्यांपुढे जुनी इंजिने एकदम वृद्ध दिसू लागली. तेव्हा त्यांतील काहींना प्रवाहरेखित आवरण चढविण्यात आले. यंत्राचे अंतरंग तेच राहिले, अंगरखा नवा आला. माझ्या मते ही कला येथे आपल्या अधिकाराबाहेर गेली. कारण अंतरे लहान, थांबे पुष्कळ आणि प्रतिस्पर्धी वीज, अशा ठिकाणी पत्र्याच्या वळणाने वाचणारा कोळसा तो अल्पच, आणि फिटरला मात्र प्रत्येक सांध्यापर्यंत पोचण्याआधी ते आवरण दूर करण्याचा नवा उपद्व्याप. ७ जानेवारी १९५८ रोजी, याच वर्गातील ३७३७ क्रमांकाचे आवरणविरहित इंजिन उत्रेख्तच्या रेल्वे संग्रहालयाकडे गेले आणि डच बाष्पयुग समाप्त झाले. संग्रहालयात पोचले ते इंजिन आपल्या मूळ रूपातच होते, आणि हा काळाने दिलेला न्याय मला यथार्थ वाटतो. ब्रिटनमध्येही ‘कॉरोनेशन’ वर्गाची आवरणे १९४६ पासून देखभालीच्या कारणास्तव उतरविली गेली.

आपल्याकडील वाट निराळी होती, आणि ती एका दारुण प्रसंगातून निघाली. जुलै १९३७ मध्ये बिहारमधील बिहटा येथे एक्सबी वर्गाच्या ‘पॅसिफिक’ इंजिनाची गाडी रुळांवरून घसरून शंभरावर माणसे दगावली. हे इंजिन वेगात असता डावीकडे-उजवीकडे डोलत जाई आणि रुळांनाच विस्कटून टाकी. सरकारने नेमलेल्या पॅसिफिक इंजिन समितीच्या चौकशीने रूळ, स्प्रिंगा, चाकांची चौकट या सर्वांचा तपशील तपासला. त्या अनुभवाच्या शाळेतून १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याची डब्ल्यूपी इंजिने आली. सुरुवातीची सोळा, पुढे कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि अखेरीस आपले चित्तरंजन अशा ठिकाणी घडून त्यांची संख्या ७५५ वर गेली.

डब्ल्यूपीचे सारे सौंदर्य तिच्या धूम्रपेटीच्या मुखावर एकवटले आहे : गोळीसारखे निमुळते नाक, मध्यभागी दिवा, त्याभोवती रुपेरी तारा. नाकाच्या मागे बाष्पक उघडाच, नळ्या हाताला येणाऱ्या, चाके मोकळी. ज्यांना संपूर्ण आवरण हीच प्रवाहरेखेची कसोटी वाटते ते हिला अपूर्ण म्हणतील. मला तिच्यात विवेक दिसतो. ताशी ११० किलोमीटर हा तिचा कमाल वेग. तेवढ्या वेगासाठी अंगभर पत्रा गुंडाळणे म्हणजे फिटरवर अन्याय. ‘मॅलार्ड’ची चाके सहा फूट आठ इंचांची, डब्ल्यूपीची पाच फूट सात इंचांची, विक्रमाऐवजी उन्हाळी उतारूंनी खच्चून भरलेले डबे ओढणे हे तिचे नेमून दिलेले काम होते. राखेचे प्रमाण फार असलेला हलका कोळसा पुरेसा जळावा म्हणून तिची शेगडी ४६ चौरस फुटांची, आणि त्या शेगडीपुढे फावडे चालविणारे दोन फायरमन. नागपूरच्या मे महिन्यात त्या दोघांनी जे सोसले असेल त्याचा हिशेब कोणत्याही खात्याच्या नोंदवहीत मांडलेला नाही, आणि या इंजिनाच्या रूपाचे कौतुक करताना तो विसरणे मला अक्षम्य वाटते.

शिवाय तिला एक गुण लाभला जो डच इंजिनांना किंवा ड्रेफसच्या कृतींना लाभला नाही : तिचे रूप कारागिरांच्या हाती खुले राहिले. ठिकठिकाणच्या लोको शेडांनी तारा आपापल्या रंगांत रंगविला, पितळेच्या पट्ट्या घासून उजळ ठेवल्या, मोर आणि कमळे चितारली. कारखान्यात घडलेली एक प्रमाणाकृती आणि तिच्यावर स्थानिक हातांची मोहोर, असा संयोग यंत्रकलेच्या इतिहासात विरळा.

दोषही सांगितले पाहिजेत. नाकाची वळणदार रेषा मागच्या चौकोनी कोळसागाडीशी जुळत नाही. कलाकृती म्हणून ती अर्ध्यावर थांबते. पाश्चात्त्य इतिहासग्रंथ तिला उशिरा जन्मलेली म्हणून तळटीपेत ढकलतात, ते मात्र मला मान्य नाही. कारण जेथे ही कला सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत अधिक उतारूंसाठी राबली, तो देश भारत होय. आपल्या ब्रॉडगेजवरील बाष्पयुग १९९५ पर्यंत चालले.

आज तीच समस्या नव्या वेषात समोर आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुराहून बिलासपूरसाठी वंदे भारत निघाली. तिचे निमुळते मुख शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या वेगाला कितपत आवश्यक आणि जाहिरातीला कितपत, हा विचार करण्याइतपत दृष्टी आपल्यापाशी असली पाहिजे. ती दृष्टी इंजिने पाहूनच येते. कडबी चौकाजवळ मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय २००२ पासून खुले आहे. तेथील इंजिने नाकाने नव्हे तर सांध्यांनी बोलतात, म्हणूनच ती आधी पाहावीत. आणि अजनीच्या रेल्वे वसाहतींत किंवा धंतोलीच्या जुन्या घरांत ज्यांच्या वडिलांनी, आजोबांनी डब्ल्यूपी चालविली किंवा दुरुस्त केली, त्यांनी त्यांची नोंदपुस्तके, छायाचित्रे आणि शेडमधील आठवणी रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या स्वाधीन कराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.