न सापडलेल्या कणांचा हिशेब

कणभौतिकीविषयी मराठीत लिहिले जाते ते बहुधा काही सापडल्यावर. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ने हिग्जसारखा कण मिळाल्याचे जाहीर केले आणि ‘देवकण’ हा शब्द आपल्या वृत्तपत्रांतून घरोघरी पोचला. लिऑन लेडरमन यांच्या १९९३च्या पुस्तकाच्या नावावरून तो आलेला. माझा आक्षेप त्यातल्या देवावर नाही, त्यातून सुचणाऱ्या दर्शनावर आहे. हिग्ज कण कोणाला ‘दिसला’ नाही. तो जन्मताच फुटतो. त्यातून निघालेल्या फोटॉनांच्या जोड्या मोजायच्या, तशाच जोड्या ओळखीच्या प्रक्रियांतूनही येतात त्या वजा करायच्या, आणि खात्रीची शिल्लक उरली तर कण मिळाला म्हणायचे. ही वजाबाकीच आपल्या लेखनातून गळते.

जे वजा करायचे त्याला भौतिकीत ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. मराठीत त्याचे ‘पार्श्वभूमी’ होते आणि अर्थ हुकतो. पार्श्वभूमी मागे असते. हे तर हव्या त्या कणाच्या शेजारी, त्याच्याच वेषात उभे असते. आमच्या महाड-पोलादपूरकडे भात झोडून वारा दिला की दाणा न भरलेले पळींज उडून जाते. बाहेरून तेही भातच दिसते. मला तो शब्द अधिक नेमका वाटतो.

या शोधातले सर्वांत फसवे पळींज म्हणजे न्यूट्रिनो. प्रोटॉन समोरासमोर आदळले की आडव्या दिशेतल्या संवेगाची बेरीज शून्य यावी लागते. ती आली नाही, तर काहीतरी शोधयंत्राला न शिवता निसटले. कृष्णद्रव्याचा नवा कण असाच निसटेल, आणि न्यूट्रिनो तर रोजच निसटतो. १९८४मध्ये सर्नच्या यूए-१ प्रयोगात एका बाजूला कणांचा झोत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशा घटना मिळाल्या. सुपरसिमेट्रीचे, म्हणजे ज्ञात कणांचे कल्पित जोडीदार हाती आल्याची चर्चा झाली. ओळखीच्या प्रक्रियांचा बारीक हिशेब मांडल्यावर ते विरले.

हा हिशेब जन्मभर मांडणारी एक मराठी बाई होती: पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या गेल्या. त्यानंतर मी वाचलेल्या मराठी लेखांत पद्मश्री होती, ‘लीलावतीज डॉटर्स’ होते, स्त्री-वैज्ञानिकांसाठीची धडपड होती. ते योग्यच. पण त्यांचे भौतिकशास्त्र एका ओळीत उरकलेले होते. मुंबई विद्यापीठात शिकवत असताना, १९९१ साली, मॅन्युएल ड्रीस यांच्यासह त्यांनी दाखवले की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचे दाट झोत एकमेकांतून जाताना जे फोटॉन फेकतात, त्यांच्या आपसांतल्या टकरीच प्रचंड कचरा करू शकतील. स्वच्छ समजली जाणारी भावी यंत्रे तितकी स्वच्छ राहणार नाहीत. यंत्र बांधण्याआधीच त्यांनी त्याचे पळींज मोजले. २००३ साली सहकाऱ्यांसह त्यांनी विचारले: हिग्ज अदृश्य कणांत फुटत असेल तर ओळखायचा कसा? तिथेही मोठा तोतया होता झेड कणातून निघणारा न्यूट्रिनोच.

ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह २००४मध्ये त्यांनी सुपरसिमेट्रीच्या कणांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांतला एकही कण आजवर सापडलेला नाही. मग हे श्रम वाया गेले का? बातमीच्या मापाने, होय. शास्त्राच्या मापाने नाही; कारण कोणत्या वस्तुमानापर्यंत कोणता कण नाही, हे आता ठामपणे सांगता येते, आणि पुढचे यंत्र कुठे शोधेल ते त्यावरून ठरते. शिवाय हिशेब पक्का असला की पळींजातूनही दाणा निघतो. सर्नच्याच लेप यंत्रावर एकही न्यूट्रिनो न पकडता, झेडच्या फुटीतल्या तुटीवरून, हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच असल्याचे कळले. आणि २०२३मध्ये टकरीच्या ठिकाणापासून ४८० मीटरवर ठेवलेल्या ‘फेझर’ शोधयंत्राने टकरींतून निघालेले न्यूट्रिनो प्रत्यक्ष नोंदवले.

आपली विज्ञानसमीक्षा मात्र अजून सापडल्याच्या तारखांवर उभी आहे. गोडबोले यांच्यावर मराठीत पुस्तक होईल तेव्हा त्यात सन्मानांची यादी थोडी आखडली तरी चालेल. १९९१चा तो कचऱ्याचा हिशेब मात्र समजेल अशा मराठीत, सविस्तर हवा.