केश्या गाय शोधत होता

'देऊळ' पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नववीत होतो. नोव्हेंबर २०११. पप्पा, मम्मी, बहीण आणि मी, चौघं एका स्कूटरवरून थेटरला गेलो होतो. सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये किक मारता मारता पप्पांनी एका वाक्यात समीक्षा उरकली, "हॉस्पिटलच बांधायला पाहिजे होतं." त्यावर मम्मी म्हणाली, "मी येत्या गुरुवारी वाडीला जाऊन येतो." (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडं बायका 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. टायपो नाही.)

एकच सिनेमा बघून एकाच घरातली दोन माणसं असं काहीतरी घेऊन बाहेर पडली होती. मी अर्थातच पप्पांच्या टीममध्ये. पुढं इंजिनीअरिंगला गेलो, हॉस्टेलच्या कट्ट्यावर देवाचा विषय निघाला की 'देऊळ'चा दाखला द्यायचो आणि वाद जिंकायचो. सिनेमा पुन्हा बघायची गरज कधी वाटली नाही. वाद जिंकायला पोस्टर आठवत असलं तरी पुरतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (स्पॉइलर येणार आहेत. सिनेमा येऊन एवढी वर्षं झाली, आता माफ करा.) मंगरूळ नावाचं गाव. गुरं राखणारा केश्या. त्याची लाडकी गाय करडी हरवते. तिला शोधत तो भर उन्हात माळावर फिरतो, दमून औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतो. तो ओरडत गावात येतो. गाव आधी हसतं, मग विचार करतं, मग हिशोब करतं. गावात हॉस्पिटल व्हावं म्हणून धडपडणारे अण्णा मागं पडतात आणि राजकारणात मुरलेले भाऊ वारं बघून देवळाच्या बाजूला सरकतात. देऊळ होतं, दुकानं येतात, गर्दी येते, पैसा येतो. ज्याला देव दिसला तो केश्या त्या गर्दीत कुठंतरी हरवतो. शेवटी तोच देवळातली मूर्ती पळवतो आणि नदीत सोडतो. गाव नवीन मूर्ती बसवतं आणि धंदा पुढं चालू.

दिग्दर्शन उमेश कुलकर्णींचं, लेखन गिरीश कुलकर्णींचं, आणि केश्याही तेच. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'देऊळ'ला 'ब्यारी'सोबत विभागून मिळाला. गिरीश कुलकर्णींना अभिनय आणि संवाद असे दोन. नाना पाटेकरांचे भाऊ आणि दिलीप प्रभावळकरांचे अण्णा याबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं मतही तेच आहे: श्रद्धेच्या बाजारीकरणावरचं झणझणीत व्यंग. बरोबरच आहे. पण एवढंच असतं तर मी चौदा वर्षांनी रात्री दोन वाजता हा सिनेमा पुन्हा लावला नसता.

झालं असं. गेल्या वर्षी पप्पांचं बायपास झालं. मी पुण्यातल्या कंपनीचं काम कोल्हापुरातून करतो, त्यामुळं लॅपटॉप घेऊन आयसीयूबाहेरच्या नातेवाइकांच्या खोलीत मुक्काम ठोकला. दहा दिवस. त्याआधी दीड महिना मी एक ध्यानाचं ॲप वापरत होतो. झोप लागत नव्हती, डोकं सतत भणभणायचं, चोवीस तास ऑन-कॉल असल्यासारखं वाटायचं (कारण होतोच). ॲपमध्ये एक बाई हळू आवाजात श्वासाकडं लक्ष द्यायला सांगायची. मी देत होतो, पण माझं खरं लक्ष असायचं स्ट्रीककडं. सलग त्रेचाळीस दिवस! बेचाळिसाव्या दिवशी तर मी एका लग्नाच्या पंगतीत, मठ्ठ्याच्या ग्लासासमोर डोळे मिटून दहा मिनिटं काढली होती. शेजारच्या काकांना वाटलं मला पित्त झालंय.

चव्वेचाळिसाव्या दिवशी पप्पांना ॲडमिट केलं. स्ट्रीक तुटली. रात्री अकराला नोटिफिकेशन आलं: 'तुमची शांतता तुमची वाट बघतेय.' मी आयसीयूच्या काचेकडं बघितलं आणि म्हटलं, बघू दे.

त्याच खोलीत, बिस्लेरीच्या बाटल्या आणि चटयांच्या मधे बसून, इअरफोन लावून मी 'देऊळ' लावला. पहिल्यांदा १.५ स्पीडवर. सवय. ऑफिसची ट्रेनिंग असू दे नाहीतर पॉडकास्ट, मी सगळं १.५ वरच ऐकतो. पण केश्या करडीला शोधतो तो भाग त्या स्पीडवर इतका हास्यास्पद दिसत होता की मी मागं जाऊन तो नॉर्मलला लावला. आणि तिथं मला पहिल्यांदा एक साधी गोष्ट दिसली, जी नववीत दिसली नव्हती आणि कट्ट्यावर तर दिसणं शक्यच नव्हतं.

केश्या देवाला शोधत नव्हता. तो गाय शोधत होता.

हा माणूस आध्यात्मिक वगैरे अजिबात नाही. त्याला साक्षात्कार हवा नाही, मनःशांती हवी नाही, 'स्वतःवर काम' करायचं नाही. त्याला करडी हवी आहे. त्या उन्हात त्याच्या डोक्यात दुसरं काहीही नाही. आपल्यापैकी कुणी शेवटचं कधी एका गोष्टीसाठी असं पूर्ण होऊन फिरलंय? मी तरी चार्जर शोधतानासुद्धा दुसऱ्या हातानं रील बघत असतो. त्यामुळं दत्त खरंच दिसला की उन्हानं भास झाला, हा वाद मला आता दुय्यम वाटतो. सिनेमाही तो सोडवत नाही आणि ते त्याचं शहाणपण आहे. मुद्दा हा की ज्याला दिसलं, त्याचं लक्ष त्या वेळी अखंड होतं.

आणि तेवढ्यासाठीच 'देऊळ'वर माझा राग आहे. केश्या गावात ओरडत शिरतो त्या क्षणापासून गाव त्याला विसरतं हे ठीक, ती गोष्टच आहे. पण सिनेमाही त्याला विसरतो. कॅमेरा भाऊंच्या वाड्यावर, पोरांच्या टपरीवर, पत्रकाराच्या उचापतींवर रमतो. पात्रं इतकी मजेशीर आहेत की लेखकाला मोह आवरत नाही. उत्तरार्धात तर लाउडस्पीकर, गाणी, दुकानं, रांगा यांचा असा गोंगाट आहे की गोंगाटावर टीका करणारा सिनेमा स्वतः गोंगाट होतो. दत्त दिसल्यानंतर केश्या रात्री झोपला का? दुसऱ्या दिवशी गाईला घेऊन माळावर गेला तेव्हा त्या झाडाकडं त्यानं कसं बघितलं? हे मला बघायचं होतं. त्याऐवजी मला मीटिंगा दिसतात. मीटिंगा मी दिवसभर बघतोच.

याच उमेश कुलकर्णींनी आधीच्या 'विहीर'मध्ये नेमकं हेच करून दाखवलंय. दोन मावस-मामेभावंडांसारखी जिवाभावाची पोरं, त्यातला एक विहिरीत बुडून जातो आणि दुसरा त्याला शोधत राहतो. लपंडावातल्यासारखा. तिथं कॅमेरा पोराला सोडून कुठंही जात नाही. तो सिनेमा १.५ वर बघता येत नाही, मी प्रयत्न केलाय. 'देऊळ'ला हसू हवं होतं, गर्दीही हवी होती, समजू शकतो. पण 'विहीर'मधली पंधरा मिनिटं उसनी घेतली असती तर केश्यानं मूर्ती उचलली तेव्हा मला धक्का बसण्याऐवजी 'आता हाच एक रस्ता होता' असं वाटलं असतं.

दुसरी तक्रार अण्णांबद्दल. अण्णा मला आवडतात, आवडतातच. केश्याला जे दिसलं ते त्याचं स्वतःचं आहे, त्याचा बाजार होऊ नये, ही त्यांची भूमिका सिनेमातली सगळ्यात समंजस भूमिका आहे. पण सिनेमा देऊळ की हॉस्पिटल असा प्रश्न टाकतो आणि हॉस्पिटलच्या बाजूनं निकाल देऊन मोकळा होतो. नववीत मला तो पटला होता. आता लक्षात येतं की मंगरूळचं हॉस्पिटल शेवटपर्यंत कागदावरच आहे, म्हणून ते इतकं स्वच्छ आहे. त्यात कुणी वाट बघत बसलेलं नाही.

मी बसलो होतो. आमच्या खोलीबाहेर बिलिंग काउंटरच्या वर दत्ताचा फोटो होता. कार्ड स्वाइप करायच्या आधी माणसं त्याला हात जोडायची, मशीनवर 'ॲप्रूव्ड' आलं की पुन्हा एकदा. मीसुद्धा. पहिल्यांदा केलं तेव्हा आजूबाजूला कट्ट्यावरचं कुणी नाही ना, हे बघून घेतलं. डॉक्टर राउंडला आले की तीस-चाळीस माणसं एकदम गप्प व्हायची; इतकी एकाग्र शांतता मला कुठल्याही ॲपवर मिळाली नाही. अण्णांचं हॉस्पिटल झालं असतं तर त्याच्या दारातही नारळ फुटलेच असते, आणि त्यानं हॉस्पिटलचं महत्त्व कमी झालं नसतं. देवळासमोर उभं करायचं असेल तर हॉस्पिटल नाही, टपरीवरच्या त्या रिकाम्या पोरांचा कंटाळा उभा करायला पाहिजे. कारण देऊळ बांधलं जातं ते केश्याच्या दर्शनामुळं नाही, पोरांना काहीतरी करायला हवं होतं म्हणून. आणि बघताना हसू येत असलं तरी माझा बाक त्याच टपरीवर आहे. त्यांच्याकडं देवळाची पावती पुस्तकं होती, माझ्याकडं स्ट्रीक.

खोलीत शिरोळकडच्या एक आज्जी होत्या, मुलगा आत. बोटात ते जप मोजायचं प्लॅस्टिकचं डिजिटल यंत्र, अंगठ्यानं टिक-टिक. इंजिनीअरला आकडा दिसला की राहवत नाही. चौथ्या दिवशी विचारलं, "आज्जी, किती झालं?"

"कुणाला ठावं," म्हणाल्या.

"दाखवतंय की त्यात."

"मशीन मोजतंय न्हवं? मग मी कशाला मोजू?"

आणि पुन्हा टिक-टिक. त्यांनी तो आकडा कधी बघितलाच नव्हता. मी त्यांना माझ्या त्रेचाळीस दिवसांबद्दल सांगितलं नाही.

पप्पा घरी आल्यावर एका गुरुवारी मम्मीला घेऊन मी नृसिंहवाडीला गेलो. नवस तिचा, ड्रायव्हिंग माझं. वाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम, औदुंबर आणि दत्ताच्या पादुका. नृसिंह सरस्वती इथं बारा वर्षं राहिले आणि मग गाणगापूरला गेले, असं परंपरा सांगते. बाजार इथंही आहे: पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी, हारवाले, पार्किंगवाले. मंगरूळची आठवण येते, आणि बासुंदी चांगली असल्यामुळं लगेच जातेही. पण एक फरक आहे, आणि तो 'देऊळ'च्या शेवटाशी ताडून बघण्यासारखा आहे.

वाडीला पावसाळ्यात नदी स्वतः देवळात येते. पाणी चढत पादुकांपर्यंत पोचतं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, त्या पाण्यात अंघोळ करायला लोक लांबून येतात. पाणी आणखी वाढलं की गाभारा बुडतो, उत्सवमूर्ती वर हलवतात, दुकानं आवरली जातात. २०१९ आणि २०२१ला तर नदीनं आसपासची गावंच पाण्यात घातली, त्यात सोहळा वगैरे काही नव्हतं. पण एरवीच्या पावसाळ्यात, केश्यानं जे एकदा चोरून, जिवावर उदार होऊन केलं ते कृष्णा इथं राजरोस करते. देव पाण्याखाली जातो, बाजार उठतो, पाणी ओसरलं की गाळ काढून पुन्हा सगळं सुरू. मंगरूळमध्ये नवी मूर्ती बसते ती पराभवासारखी दिसते. वाडीच्या घाटावर उभं राहून मला तोच शेवट तितका कडू वाटला नाही. सिनेमाला नदी फक्त मूर्ती सोडायला लागली. नदीकाठच्या माणसाला तिचा आणखीही काही उपयोग माहीत असतो.

हे सगळं मी घाटावर उभा राहून फोनमध्ये टाइप करत होतो. मम्मी दर्शन घेऊन आली तरी मी रांगेतच नव्हतो. "तू आत गेलास का?" "जातो की." पालखीची वेळ झाली तेव्हा पुढच्या प्रत्येक माणसाच्या हातात फोन वर होता, त्यामुळं पालखी मी सहा-सात वेगवेगळ्या स्क्रीनवर बघितली. एकाचा कॅमेरा खरंच चांगला होता.

परवा पप्पा म्हणाले, तो दत्ताचा पिक्चर लाव. टीव्हीवर लावला, नॉर्मल स्पीडवर. केश्या करडीला हाका मारत माळावर निघाला आणि माझा फोन वाजला. प्रॉडक्शनला काहीतरी पडलं होतं. गॅलरीत जाऊन लॅपटॉप उघडला, निस्तरेपर्यंत पाऊण तास गेला. परत आलो तर मम्मी आत गेलेली, पप्पा खुर्चीत डुलक्या घेत होते आणि टीव्हीवर लाउडस्पीकर सुरू होते. माझ्या पावलांनी जागे झाले.

"गावली काय रे?"

"काय?"

"गाय."

"पप्पा, देऊळ झालं बांधून."

"ते राहू दे," म्हणाले. "मागं घे जरा."