नसबंदीचे ‘उद्दिष्ट’ आणि कादंबरीची साक्ष : ‘अ फाइन बॅलन्स’

कल्याणकारी योजना सक्तीने राबविली गेली, तर तिचे परिणाम ती संपल्यानंतरही टिकून राहतात. आणीबाणीतील (१९७५-७७) नसबंदी मोहीम हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी त्याचा कायदा झाला नाही. शहा आयोगाच्या अहवालानुसार १९७६-७७ या एकाच वर्षात देशात ८१ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. अहवाल संख्या देतो. त्या संख्येखाली दबलेले जगणे रोहिंटन मिस्त्री यांच्या १९९५ सालच्या ‘अ फाइन बॅलन्स’ या इंग्रजी कादंबरीत दिसते.

ईश्वर आणि ओम हे चर्मकार कुटुंबातील काका-पुतणे शिंपीकाम करतात. ओमच्या लग्नासाठी गावाकडे गेले असता त्यांना बाजारातून उचलून शिबिरात नेले जाते. ओम अविवाहित आहे, ही विनवणी कोणी ऐकत नाही. पुढे जंतुसंसर्गामुळे ईश्वरचे पाय कापावे लागतात आणि ठाकूर धरमसीच्या इशाऱ्यावरून ओमचे वृषण काढले जातात. मतदानाचा हक्क बजावू पाहणाऱ्या ओमच्या वडिलांची हत्या याच ठाकुराने घडवून आणलेली असते.

ठाकुराच्या सूडामुळे शासनाचा अपराध एका खलनायकाच्या माथी जातो, असा आक्षेप येथे घेता येईल. तथापि घटनाक्रम लक्षणीय आहे. ठाकुराचा हस्तक्षेप होण्यापूर्वीच दोघांची नसबंदी झालेली असते. ती करणाऱ्यांच्या मनात द्वेष नाही; त्यांना केवळ आकडा पूर्ण करावयाचा आहे. उद्दिष्ट राजधानीत ठरते. ते कोणाच्या शरीरावर पूर्ण होणार, हे गावातील जात आणि सत्ता ठरवते. सूडाला सरकारी शस्त्रक्रियागृह उपलब्ध होते ते यामुळेच.

कादंबरीची खरी मर्यादा अन्यत्र आहे. दीना दलालसारखी स्वाभिमानी स्त्री केंद्रस्थानी असूनही नसबंदीची झळ येथे प्रामुख्याने पुरुषांनाच बसते. आणीबाणीपुरते हे वास्तवाला धरून आहे, कारण त्या शस्त्रक्रियांत पुरुषच बहुसंख्य होते. परंतु १९७७ च्या सत्तांतरानंतर कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले, पुरुष नसबंदी राजकीयदृष्ट्या अस्पृश्य ठरली आणि भार स्त्रियांकडे सरकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) विवाहित स्त्रियांमध्ये स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. तेथील शिबिरांनंतर डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला.

कादंबरीचा उपसंहार १९८४ पर्यंत येतो. मात्र हे स्थलांतर तिच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच तिचे वाचन आणीबाणीची कथा म्हणून थांबवणे अपुरे ठरते. सक्ती संपली तरी ‘उद्दिष्ट’ संपले नाही. त्याने केवळ शरीर बदलले.