कर्जत म्हणजे कुठलं कर्जत? फाइलच्या नावावर चालणाऱ्या साठवणुकीबद्दल

माझ्या कामाचा परिसर म्हणजे उल्हास आणि पाताळगंगेची वरची खोरी, ढोबळमानाने कर्जत आणि खालापूर तालुके. पावसाच्या नोंदी, दरडींचे नकाशे, उपग्रहाची चित्रं असा सगळा पसारा एका मशीनवर मावत नाही. मग तो अनेक सर्व्हरवर पसरलेल्या एकाच फाइल सिस्टीमवर ठेवतात. तुम्हाला दिसतो साधा फोल्डर. आत फाइल कुठल्या डिस्कवर जाऊन पडते ते सिस्टीम ठरवते, आणि पुष्कळदा फाइलच्या नावावरून ठरवते. ही पद्धत अर्धी फार हुशार आणि अर्धी फसवी आहे, आणि लोक दोन्ही अर्ध्यांना एकच समजतात. टीका करायची आहे ती या गल्लतीवर.

आधी हुशार भाग. ग्लस्टर नावाची एक मुक्तस्रोत सिस्टीम आहे. तिच्यामागची कंपनी २०११ मध्ये रेड हॅटने विकत घेतली. बऱ्याच वितरित सिस्टीममध्ये कुठली फाइल कुठे आहे याची वही सांभाळणारा वेगळा सर्व्हर असतो. तो बसला की सगळं बसलं. ग्लस्टरने ती वहीच काढून टाकली. फाइलच्या नावावरून ३२ बिटांचा एक आकडा काढायचा. प्रत्येक फोल्डरसाठी शून्यापासून सुमारे ४२९ कोटींपर्यंतचे आकडे सर्व्हरवरच्या साठ्यांमध्ये (ग्लस्टरच्या भाषेत ‘ब्रिक’, म्हणजे वीट) वाटून दिलेले असतात. ज्या विटेच्या वाट्याला तो आकडा येतो, तिथे फाइल. शोधताना पुन्हा तेच गणित करायचं, कुणाला विचारायला जायचं नाही. इथे नावाचा अर्थ कुणी वाचत नाही, ही गोष्ट महत्त्वाची. ‘पाऊस’ लिहा नाहीतर ‘क्षयझ’ लिहा, सिस्टीमच्या लेखी ती बाइटांची माळ.

नाव बदललं की आकडा बदलतो. पण नुसतं नाव बदललं म्हणून चाळीस जीबीची फाइल उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेणं परवडत नाही. म्हणून ग्लस्टर नव्या जागी शून्य बाइटांची एक चिठ्ठी ठेवतं: माल जुन्याच घरी आहे. अशा चिठ्ठ्या साचल्या की प्रत्येक शोधाला एक हेलपाटा वाढतो. आरसिंक हा फाइली उतरवणारा प्रोग्राम तर आधी टिंबाने सुरू होणारं आणि मागे शेपूट लावलेलं तात्पुरतं नाव देतो, मग काम झालं की खरं नाव. म्हणजे प्रत्येक फाइलमागे एक चिठ्ठी! ग्लस्टरने त्यावर तोड काढली: आरसिंकच्या नावाचा साचा ओळखायचा, टिंब आणि शेपूट सोडून आकडा काढायचा. मला ही तोड आवडते. पण नीट बघा, याच क्षणी सिस्टीम नाव ‘वाचायला’ लागली.

फसवा अर्धा भाग इथूनच सुरू होतो. आयबीएमची फाइल सिस्टीम, जिला अजूनही सगळे जीपीएफएस म्हणतात, तिच्यात एसक्यूएलसारख्या भाषेत नियम लिहिता येतात: नाव ‘रॉ’ने सुरू होत असेल तर जलद एसएसडीवर, शेवटी ‘टीएमपी’ असेल तर स्वस्त डिस्कवर. नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जो लागू पडेल तो खरा. आणि जागा ठरवणारा नियम फाइल तयार होताना एकदाच बघितला जातो. आता कितीतरी प्रोग्राम आधी ‘टीएमपी’ नावाने लिहितात आणि शेवटी खरं नाव देतात. म्हणजे तुमची सगळ्यात मोलाची फाइल जन्मतःच स्वस्त डिस्कवर गेली, आणि नाव बदललं तरी तिथेच राहिली. तिला हलवायला स्थलांतराचा वेगळा नियम लिहावा लागतो. हे बारसं झाल्यावर न बदलणाऱ्या शाळेच्या दाखल्यासारखं झालं.

हा तांत्रिक घोटाळा सुटण्यासारखा आहे. न सुटणारा घोटाळा अर्थाचा आहे. ‘नावात कर्जत असेल तर अतिवृष्टीच्या संचात’ असा नियम लिहिला समजा. रायगडातलं कर्जत घाटाच्या पायथ्याशी, माथेरान त्याच तालुक्यात, पावसाळ्यात नुसता धो धो. दुसरं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात, पर्जन्यछायेत, दुष्काळी. तुलनेसाठी तिथला डेटा कुणी आणला की तो बिनबोभाट घाटाच्या पावसात जाऊन बसणार. सिस्टीम कसलीही चूक दाखवणार नाही, कारण नियमाप्रमाणे चूक झालेलीच नाही.

जिल्ह्याचं नाव लावून बघू. १९८१ च्या आधी रायगड जिल्हा म्हणजे कुलाबा. ‘रायगड’वरचा नियम त्याआधीचे सगळे जुने तक्ते सोडून देतो. रोमन लिपीत तर आणखी गंमत: २०११ च्या जनगणनेत आपल्या रायगडचं स्पेलिंग छत्तीसगडमधल्या रायगढसारखंच आहे. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं २०२४ मध्ये. नियम लिहिणाऱ्याने यातलं काय काय लक्षात ठेवायचं?

मराठीत नाव द्यावं, तर वेगळीच पंचाईत. ‘खोऱ्यातील_पाऊस’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण लिनक्ससाठी नाव म्हणजे बाइट, त्यामुळे ही दोन वेगळी नावं, दोन वेगळे आकडे, आणि एकाच फोल्डरमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली. जुन्या मॅकच्या फाइल सिस्टीम नावातली अशी चिन्हं सुटी करून ठेवत. तिथून लिनक्सवर आणलेल्या फाइली बघा एकदा. (शिवाय नावाची मर्यादा २५५ बाइट आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे ८५ चिन्हांत आटपायचं.)

तरी हे सगळं नीट सांभाळलं असं धरू. मुख्य आक्षेप राहतोच: नाव फाइल तयार होताना ठेवतात, तिची किंमत नंतर कळते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवला गेला. त्या रात्रीपर्यंत त्या डोंगराची आदल्या वर्षांची चित्रं आणि त्या आठवड्याचा पाऊस या इतर हजारो फाइलींसारख्याच फाइली होत्या. ‘अमुक नाव, तीस दिवस जुनी, टेपवर पाठवा’ हा नियम त्यांना इमानेइतबारे टेपवर पाठवतो. ‘तात्पुरतं’ नाव असेल तर पुसूनही टाकतो. मग इर्शाळवाडी नावाने शोधा! पावसाच्या फाइलीला केंद्राचं किंवा तालुक्याचं नाव असतं, सेंटिनेल उपग्रहाच्या चित्राला चौकोनाचा क्रमांक. वाडीचं नाव कुठेच नाही. आणि जिथे असेल तिथे रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांचं.

सिस्टीम सांभाळणारे लोक म्हणतात, नाव निदान सगळे देतात. बाकीची माहिती भरायला सांगितली तर विद्यार्थी भरत नाहीत. खरं आहे. पण त्याच विद्यार्थ्यांनी दिलेलं ‘फायनल_२_खरं’ हे नाव नियमाचा आधार कसं होणार?

नावावर विसंबून नीट चाललेलं एक मोठं उदाहरण आहे, सीएमआयपी ६. जगभरच्या हवामान प्रारूपांच्या या प्रकल्पात पुण्याच्या आयआयटीएमचं प्रारूपही आहे. तिथे फाइलच्या नावात चल, प्रारूप, प्रयोग, कालावधी असं सगळं ठरलेल्या क्रमाने येतं. पण शब्द मान्य यादीतलेच लागतात, आणि तीच माहिती फाइलच्या पोटातही लिहिलेली असते, सोबत प्रत्येक फाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक. नाव पुसलं तरी फाइल स्वतःची ओळख सांगू शकते.

आपल्यासारख्या छोट्या गटाला एवढा डोलारा झेपणार नाही. पण साठवणुकीचा नियम नावाऐवजी फोल्डरला बांधता येतो, हडूप तेच करतं. किंवा फाइलला चिकटवलेल्या गुणधर्माला बांधता येतो. जीपीएफएसचे स्थलांतराचे नियम असे गुणधर्म वाचू शकतात. फाइल आत येतानाच एका स्क्रिप्टने तिच्यातून अक्षांश, रेखांश, तारीख काढून नोंदवहीत टाकायची, जनगणनेतला गावाचा क्रमांक जोडायचा. मग दरड कोसळली की नकाशावर एक चौकोन आखायचा, इर्शाळगड मध्ये धरून, मागची पाच वर्षं निवडायची, आणि त्यात सापडतील तेवढ्या फाइलींवर ‘हलवू नका, पुसू नका’ असा गुणधर्म लावायचा. ही स्क्रिप्ट फार तर दोनशे ओळींची होईल. ती लिहायचं काम दर वेळी पुढच्या पावसाळ्यावर ढकललं जातं.